भिंतीत सोडलेली वाट

शेलूबाजारच्या चौकातल्या चहाच्या हॉटेलात आमची पाच जणांची बैठक असते. दोन मास्तर, एक ग्रामसेवक, एक औषध दुकानदार आणि एक जीपवाला. शेती कोणी करत नाही, पण जमिनीशिवाय दुसरं बोलत नाही. एन.ए. झालं का, रस्ता कागदावर आहे की नुसता डोळ्यांना दिसतो, विजेचा खांब किती लांब, असं लोक येऊन विचारतात आणि आम्ही बशीत चहा ओतत सल्ले देतो. त्यातला सगळ्यात मोठा शहाणा मी. शाळेत पोरं माझं ऐकत नव्हती, इथे मोठी माणसं ऐकायची. मला त्याची चटकच लागली होती.

एक गोष्ट मात्र आम्ही आपसातच बोलायचो. गावाबाहेरच्या लेआउटमध्ये सगळे प्लॉट घेऊन ठेवतात, बांधत कोणी नाही. नुसते रोवलेले दगड आणि गाजरगवत. पण एक घर उठलं की त्याच्यासाठी खांब येतो, मुरूम पडतो आणि बाकी सगळ्यांचा भाव चढतो. म्हणून पहिलं घर दुसऱ्याने बांधावं याची जो तो वाट बघतो. आम्हा पाचही जणांचे एकाच लेआउटमध्ये प्लॉट होते, आणि 'बांधणारा कोणी सापडला का?' हे रोज कोणीतरी विचारायचंच.

त्याच सुमारास आसेगावकडे नोकरी करणाऱ्या एक नर्सताई माझ्याकडे सल्ल्याला आल्या. निवृत्तीला आल्या होत्या. नवरा गेलेला, मुलगी लांब सासरी, सगळी नोकरी भाड्याच्या खोल्यांत गेलेली. त्यांना प्लॉट विकायला नको होता, राहायला हवा होता. कागदाबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही.

"सर, मी एकटी बाई. तिथं शेजार राहीन का?"

"माह्याच बाजूचा प्लॉट घ्या ना ताई," मी म्हणालो. "येत्या दिवाळीले मीबी बांधतो. तुमी आन आमच्या घरची, दोघी शेजारणी."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि इतकं सहज निघालं की हॉटेलात जाऊन मी ते रंगवून सांगितलं. सगळे हसले. जीपवाल्याने पाठीवर थाप मारली. "सापडला ना बे बांधणारा!" मला लाज वाटायला हवी होती. वाटला अभिमान.

ताईंनी माझ्या बाजूचा प्लॉट घेतला आणि फंडाचा सगळा पैसा ओतून घर बांधलं. घरभरणीला बुद्धवंदना झाली, खीर वाटली. मी बायकोला घेऊन गेलो होतो. ताईंनी तिचा हात धरला आणि तिला घराच्या बाजूला नेलं. कंपाउंडच्या भिंतीत, आमच्या प्लॉटच्या अंगाला, एक माणूस जाईल एवढी जागा मोकळी सोडलेली होती.

"ही तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "वाटीभर साखरेसाठी रोडवरून काहून फिरून या?"

बायको खुश झाली. परतताना म्हणाली, "आपलं कधी सुरू करायचं?" मी तिलाही दिवाळी सांगितली.

खांब आला, मुरूम पडला. दिवाळीच्या आतच माझा प्लॉट अकोल्याच्या एकाने न बघता घेतला. त्यालाही बांधायचं नव्हतंच, तो आमच्याच जातकुळीतला. बाकी चौघांनीही आपापले प्लॉट विकून टाकले. ताईंना मात्र मी सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणता म्हणता दोन दिवाळ्या गेल्या. मी त्या रस्त्याने जाणंच सोडलं. शेवटी ते बायकोला कळलं. ती म्हणाली, "त्यांना तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

एके सकाळी ताईच हॉटेलसमोर उभ्या राहिल्या.

"सर, त्या फटीतून डुकरं येऊन राह्यले. दरसाल बोराट्यांचे काटे लावून ठेवते म्या. बुजवून टाकू का? का यंदा बांधता?"

बाकीच्या चौघांनी बशीत तोंडं घातली. मी उठून बाहेर गेलो आणि सांगून टाकलं, की प्लॉट केव्हाच विकला.

त्यांनी एकदा हॉटेलात बसलेल्यांकडे बघितलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगा सर. आमच्या बाजूले राहा लागते म्हणून तं नाई ना इकला?"

मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा मान वर करवेना. दोन वर्षं आम्ही का बांधत नाही याचं कारण ही बाई त्या फटीकडे बघत मनाशी शोधत होती, आणि तिला हे सापडलं होतं.

"नाई ताई," मी म्हणालो. "मले बांधाचंच नव्हतं. तुमचं घर उठलं की भाव येईन, म्हणून बोललो होतो."

स्वतःच्या बचावाला माझ्याकडे एवढंच खरं होतं.

"मंग तेव्हाच सांगतलं असतं," त्या म्हणाल्या. "भिंत सरळ बांधली असती म्या."

दुसऱ्या दिवशी मी विटा आणि मिस्तरी घेऊन गेलो. त्यांनी नको म्हटलं नाही. मिस्तरीला दोरी धरायला माणसं हवी होती. एक टोक त्यांनी आतून धरलं, दुसरं मी बाहेरून, परक्याच्या प्लॉटवर गाजरगवतात उभा राहून. वीट चढत गेली, गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत. दोन थर राहिले तेव्हा ताई आत गेल्या, चहा करून आणला आणि भिंतीवरून कप माझ्या हातात दिला.

"घ्या सर, थंडा होईन."

मी चहा प्यायलो तोवर मिस्तरीने वरचे दोन थर लावून टाकले होते. ताई दिसेनाशा झाल्या. कप परत द्यायला मला रोडवरून फिरून जावं लागलं.