वर जाणारं दार

“कच्ची खिळी बसवीन म्हणजे बसवीनच!”

“अन् मी बसवू देणार नाही, अम्मा. तो घन दे इकडं.”

“हात नको लावू. तुह्या बापाचा घन हाय तो.”

“म्हणूनच म्हणून राहिलो! अब्बाच्या घनानं खोटं काम करशील?”

जैनबबीनं घन खाली ठेवला नाही. ऐरणीवर दाराच्या कप्पीत बसवायची बोटाएवढी खिळी लालभडक होऊन पडली होती, आणि ऐरणीच्या पलीकडे तिचा पंचवीस वर्षांचा लेक अय्युब पाय रोवून उभा होता. अकोल्याच्या ताजनापेठेतल्या लोहारगल्लीत सकाळच्या वेळी असला तमाशा नवा नव्हता. शेजारचे नत्थुजी भाता ओढता ओढता कान टवकारून बसले.

“महिनाभर चालन दार,” जैनबबी म्हणाली. “मंग खिळी झिजन. ज्या दिवशी त्या वकिलाले नागपूरच्या कोर्टात जायची घाई असन, त्याच दिवशी दार अर्ध्यात अडकन. मोटार आत, वकील बाहेर. बोंबलत बसन.”

“अन् दार कोणाच्या डोक्यावर पडलं तर?”

“त्याच्याच पडन.”

“त्याच्या बायकोच्या, अनसूयाबाईच्या पडलं तर?”

जैनबबीनं घन खाली टेकवला. अय्युबनं तेवढ्यात चिमट्यानं खिळी उचलली आणि पाण्यात टाकली. चर्र झालं.

“अम्मा, तो मानूस भर कोर्टात काय बोलला होता? का मिस्त्री दगाबाज असते. अकरा वर्षांनंतर तू त्याच्याच घरी जाऊन त्याचं म्हननं खरं करून येशील काय?”

वादात हरली की जैनबबी भांडी घासायची. ती आत गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागली.

अकरा वर्षांपूर्वी, म्हणजे सन पंचवीस साली, तेल्हाऱ्याचे कापसाचे व्यापारी खुशालराव यांची तिजोरी एका रात्री रिकामी झाली. कुलूप फोडलेलं नव्हतं. चावीनं उघडलेलं होतं. संशय होता त्यांच्या सख्ख्या भाच्यावर. कुलूप बनवलं होतं जैनबबीच्या नवऱ्यानं, नबी मिस्त्रीनं, म्हणून त्याला साक्षीला बोलावलं. नबी सणाचे कपडे घालून गेला. त्यानं खरं ते सांगितलं: कुलपाच्या दोन चाव्या केल्या, दोन्ही मालकाच्या हातात दिल्या, पैकी एक भाचा मागून नेत असे.

मग भाच्याचे वकील उठले. बापूसाहेब राजंदेकर. त्यांनी कोटाची बाही झटकली, नबीकडे न बघता कोर्टाकडे बघितलं आणि विचारलं, “जो कुलूप घडवतो, त्याला चावी मागून न्यायची गरज ती काय?”

कोर्ट हसलं. बाहेर पिंपळाखाली चहा विकणाराही हसला, इतका बापूसाहेबांचा आवाज खणखणीत. भाचा सुटला. नबीवर खटला झाला नाही, आरोप झाला नाही, काहीच झालं नाही. फक्त त्या दिवसानंतर अकोल्यात कोणी त्याच्याकडे कुलूप बनवायला टाकलं नाही. ज्याच्या कुलपासाठी अमरावतीहून माणसं येत, तो बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकत बसला. कामावर उमटवायचा आपल्या नावाचा ठसासुद्धा त्यानं बंद केला. “ज्या नावावर लोक हसते, ते लोखंडावर काहून उमटवू?” असं म्हणायचा. तिसऱ्या वर्षी गेला.

जैनबबी बार्शीटाकळीच्या लोहाराची लेक. विधवेनं पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात बसली, दुसऱ्याच दिवशी पदर खोचून ऐरणीशी उभी राहिली. गल्लीनं तोंडात बोटं घातली. “बाईमानूस घन मारते?” पार्बताबाई भाजीवाली बोलली, तर जैनबबीनं तिला तिच्याच तराजूची दांडी सरळ करून दिली. “पाय, आता तरी खरं तोल.” हळूहळू तिच्या बिजागऱ्या, साखळ्या, मोटेच्या चाकाचे आस घराघरात गेले. पण कुलूप तिनं केलं नाही, आणि ठसा मारला नाही. नबीचा ठसा फडक्यात गुंडाळून हळदीच्या डब्यात ठेवला होता.

आणि आता बापूसाहेबांनी मोटार घेतली होती.

मोटारीसाठी जठारपेठेतल्या बंगल्याशेजारी खोली बांधली, आणि दारावरून घरात महाभारत सुरू झालं. बापूसाहेबांचा कोणावर विश्वास नाही. तीन शोफर ठेवले, तिघांना काढलं. आता गाडी स्वतः चालवत. दाराची चावी नोकराच्या हातात द्यायची नाही. पण स्वतः उतरून दार उघडायचं म्हणजे वकिलाच्या इभ्रतीला धक्का. थोडक्यात, दार मोटारीत बसल्या बसल्या उघडलं पाहिजे.

मुंबईच्या एका कंपनीचा माणूस गुंडाळी होणाऱ्या पत्र्याच्या दाराची चित्रं घेऊन आला.

“हे फिरवायचं कुठून?” अनसूयाबाईंनी विचारलं.

“आतून, बाईसाहेब. हँडलनं.”

“म्हणजे आत एक माणूस कोंडून ठेवायचा?”

तो गेला. मग अमरावतीचा सुतार आला, रुळावर सरकणारं दार सुचवायला. अनसूयाबाई त्याला अंगणात घेऊन गेल्या आणि पायानं काळी माती उकरली. “आषाढात हिचा चिखल तुझ्या रुळात गेला की दार कोण सरकवणार? तू येशील रोज?”

तिसरी आली जैनबबी. तिनं चित्र आणलं नाही. पडवीतली पाणी शेंदायची दोरी घेतली, एका टोकाला पाट बांधला, दुसऱ्या टोकाला पाटा, मधे कप्पी. वरवंटा उचलण्याएवढंही बळ न लावता पाट वर गेला.

“दार खाचेतून सरळ वर जाईन. भिंतीत वजन. फाटकापाशी एक खांब, खांबाले साखळी. वकीलसायेब मोटारीतून हात बाहेर काढतीन, मूठ ओढतीन, दार वर. ना नोकर, ना चावी.”

“कुणाची तू?” बापूसाहेबांनी वर्तमानपत्रावरून विचारलं.

“ताजनापेठेतली मिस्त्रीण.”

“हं.” त्यांनी पान उलटलं. त्यांना काही आठवलं नाही. त्यांचं ते न आठवणंच जैनबबीला जास्त झोंबलं. घरी येऊन तिनं कच्ची खिळी घडवायला घेतली, आणि लेकानं ती पाण्यात टाकली.

भांडी घासून झाल्यावर जैनबबी बाहेर आली. तिच्या हातात हळदीचा डबा होता.

“पक्की खिळी कर,” ती अय्युबला म्हणाली. “पोलादाची कर. वीस वर्षं हालली नाही पायजे. वजन तोळ्यामाशानं जोख. असं दार कर का अख्ख्या वऱ्हाडात त्याच्यासारखं दार नसन.”

“अन् तू?”

“मी मूठ करतो.”

तिनं मूठ केली. मुठीची जागा लाल केली, डब्यातला ठसा काढला, बिस्मिल्ला म्हणून पहिला घाव घातला. नबी मिस्त्री अकोला. मग मूठ थोडी फिरवली, पुन्हा घाव. जिथं जिथं बोट बसणार तिथं तिथं नाव. अकरा घाव झाले. एरवी ती कानशीनं कडा घासून काढायची. या वेळी कानशीला हात लावला नाही, अक्षरांच्या धारदार कडा तशाच ठेवल्या.

अय्युब बघत होता. “अम्मा, याच्यानं तुहं समाधान होईन काय?”

“भाता ओढ,” ती म्हणाली.

दार बसलं त्या सकाळी बंगल्याच्या फाटकाशी शेजारपाजार जमला. बापूसाहेब काळा कोट घालून मोटारीत बसले, मोटार खांबाशी आणली, खिडकीतून हात काढला आणि मूठ ओढली. आठ मण सागवान आवाज न करता वर गेलं. कोणीतरी “वाहवा!” म्हणालं. अनसूयाबाईंनी कौतुकानं टाळी वाजवली.

बापूसाहेबांनी हात मागे घेतला आणि तळव्याकडे पाहिलं. तळव्यात अक्षरं उमटली होती, उलटी. ते वाकून मूठ बघू लागले.

“हे काय आहे?”

“ठसा हाय, सायेब. काम करनाऱ्याच्या घरचा.”

“नबी.” आता त्यांना आठवलं होतं. मानेपर्यंत लाल झाले. “तो तेल्हाऱ्याच्या तिजोरीचा... तू त्याची कोण?”

“बायको.”

“घासून काढ हे.”

“मी नाही काढत. नत्थुजीले सांगा, अजून कोणाले सांगा. आमच्या गल्लीत एक रीत हाय, दुसऱ्याचा ठसा कोणी घासत नाही. तुमचे शोफरही घासणार नाहीत, तुमी त्याहीले काढून टाकलं. तुमीच घासा. कानस देतो.”

फाटकाशी कोणीतरी खुसकन हसलं. बापूसाहेब मोटारीतून उतरले. उतरायचं नाही म्हणून तर एवढं दार केलं होतं. जैनबबीच्या जवळ आले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “हे बघ. मी वकील. अशिलासाठी बोलावं लागतं. तुझ्या नवऱ्यानं काही केलेलं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. चावी भाच्यानंच वापरली होती. त्यानं मला स्वतः सांगितलं होतं.”

अकरा वर्षं जैनबबीला वाटत होतं, या माणसाला नबी खरोखरच चोर वाटला असेल. भाच्याच्या बोलण्याला अडाण्यासारखा फसला असेल. तेवढी एक सूट तिनं मनात ठेवली होती.

“मोठ्यानं बोला,” ती म्हणाली.

“काय?”

“त्या दिवशी तुमचा आवाज पिंपळाखालच्या चहावाल्यापर्यंत गेलता. आज काहून बसला? हे सारे उभे हायेत. बोला.”

बापूसाहेबांनी फाटकाकडे पाहिलं. अनसूयाबाईंकडे पाहिलं. त्या नवऱ्याचा तळवा बघत होत्या. मग बापूसाहेब आणखी हळू, जवळजवळ कानात, म्हणाले, “तुला सांगितलं ना आता? झालं ना समाधान? आता तरी काढशील ते नाव?”

जैनबबीनं घन उचलला, कानस उचलली. अय्युबला मानेनं ‘चल’ म्हटलं. मोटार खांबाशी उभी होती, दार वर होतं, नबीच्या नावाची मूठ साखळीला लटकत होती.

“अगं, विचारतोय मी! काढशील की नाही?”

गर्दी बाजूला झाली. जैनबबी फाटकातून बाहेर पडली आणि ताजनापेठेच्या रस्त्याला लागली.