पाचोळ्याखालची ओल

फाल्गुनातली सकाळ, तरी नाल्याच्या अंगाला धुकं होतं आणि त्या धुक्याला अ‍ॅसिडचा वास. भागीरथीनं पदर खोचला, झाडू उचलला. अंबरनाथच्या एका कारखान्यामागच्या पडीक प्लॉटवर ती करंजाची रोपं सांभाळायची. पावसाळ्यापर्यंत रोपं जगली तर काम पुढं चालणार, नाहीतर प्लॉट बंद आणि तीही घरी.

मधे ती आली नव्हती. नवरा, हिरामण, इस्पितळात पडून होता, मग गेला. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले. ती रडली नाही. कामावर आली.

तिचं माहेर वांगणीचं. तिकडं भात पेरायच्या आधी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. तीच रीत तिनं इथं चालवलेली. मोठ्या शिरीषाखालचं पान न् पान झाडायचं, रोपांच्या आळ्यांत, बुंध्यापासून हातभर लांब पेटवायचं. हिरामण चिडवायचा, "तुझ्या अंगणात मुंगीला पन पासशिवाय एन्ट्री नाय!"

मधल्या दिवसांत तिच्या जागी आलेल्या गंगूनं नुसतं पाणी घातलेलं.

"झाडू नाय लावला गं?"

"मावशी, मला पाणी बोलले, झाडायचं कोन बोललं?"

शिरीषाखाली पाचोळ्याचा थर साचला होता. त्याला वाळवी लागलेली. सातभाई पक्षी कलकलत पानं उलटीपालटी करून वाळवी टिपत होते. भागीरथीनं पानं सारली. खाली माती ओली, भुसभुशीत. बोट सहज आत गेलं. तिथल्या रोपांना पालवी होती. पलीकडं, तिनं जाण्याआधी भाजलेली आळी भेगाळली होती. पाणी तेवढंच, पण रोपांच्या काड्या झालेल्या.

सुपरवायझर दिनानाथ आले. "भागीरथीबाई, उद्या कारखान्याचे श्यामकांतसाहेब रोपं बघायला येतायत. हा कचरा पेटवा, वाळवीवर पावडर मारा."

"नाय पेटवत," ती सपाट आवाजात म्हणाली. "हितली जगलीत. तिकडची मी मारली."

"आणि साहेब भडकले तर?"

"तर जाईन घरी."

साहेबांनी दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू पाहिल्या, खाली बसून माती चुरगळली. "पानं राहू द्या. तिकडंही पसरा. काम चालू ठेवा."

"वाचलात! आता चहा पाजा," दिनानाथ हसले.

भागीरथीला काहीच वाटलं नाही. घरी हे कुणाला सांगायचं, एवढं मनात आलं, तेही लगेच विझलं.

सातभाई पुन्हा उतरून भांडायला लागले. गेटासमोरचा रस्ता झाडायचा राहिला होता. ती टोपली काखेला मारून तिकडं गेली.