डहाळीचा चढ

पोशेऱ्याहून मोखाड्याला जाताना सडकेवर एक वळण लागते. त्याला डहाळीचा चढ म्हणतात. का म्हणतात ते कुणाला विचारू नका. एक सांगेल, इथे नवरीची डोली कोसळली; दुसरा सांगेल, इथे देवीने विसावा घेतला. असले काही कानावर आले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्या वळणावर कधी काहीही घडलेले नाही.

घडले ते खाली, जुन्या पायवाटेवर. मी लहान असताना तिथे माझ्या बापाला वाघाने नेले. अंगसुद्धा पुरते हाती लागले नाही. आमच्याकडे अशा जागेवरून जाणारा प्रत्येकजण एक हिरवी डहाळी टाकून जातो. उघड्यावर गेलेल्या माणसाला तेवढेच पांघरूण. घरच्यांनी मात्र टाकायची नाही, नाहीतर त्याचा जीव घराकडे ओढ घेतो आणि मागेच अडकून पडतो. परक्यांच्या डहाळ्यांचा ढीग माझ्या कमरेएवढा झाला आणि चढाला ते नाव पडले. बाजाराला जाताना आई तिथे थांबायची, ढीग हिरवा आहे ना ते बघायची आणि मग पुढे निघायची.

पुढे संस्थानाने वरून सडक काढली. माणसे सडकेने जाऊ लागली आणि नावही त्यांच्याबरोबर वर गेले. सवयीने डहाळ्यादेखील वरच पडू लागल्या. खालचा ढीग वाळला, त्याला वाळवी लागली, पावसात तो बसत गेला. आई सडकेवर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या पाया पडायची, एवढे खाली चला म्हणायची. डोक्यावर ओझे घेऊन कोण उतरणार? कुणी हसले, कुणी कीव केली. शेवटी तिने विनवणेच सोडले.

त्यानंतर माझे लग्न झाले, जामसरला. पाठवणीच्या वेळी आईच्या डोळ्यांत टिपूस नव्हते. मी पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा तिने मला पाणीही विचारले नाही. हाताला धरून तडक खाली पायवाटेवर नेले. ढिगाच्या जागी नुसती काळी माती होती. तिने ऐनाची डहाळी मोडली आणि माझ्यापुढे धरली.

मी म्हटले, आपण घरची माणसे, आपल्याला चालत नाही.

"मला नाय चालं," ती म्हणाली. "तू टाक. तू आता परक्या घरची."

पाठवणीला ती का रडली नव्हती ते मला तेव्हा कळले. माझा संताप संताप झाला. टाकावी, तर मी बापाची कुणीच उरत नव्हते. न टाकावी, तर तो तसाच उघडा. आई माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती, नुसती हाताकडे बघत होती.

मी डहाळी टाकली.

घरी आल्यावर तिने मला दारातच थांबवले आणि तांब्याभर पाणी दिले, पाहुणीला देतात तसे.