सुनेच्या हेडफोनमधला आवाज

मुलगी पाहायला आम्ही नांदेडला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी चहा यायच्या आधीच सांगून टाकलं होतं, पोरगी खेळाडू हाय, मागून म्हणू नका सांगितलं न्हाई म्हणून. आमचे हे खूश झाले. त्यांना वाटलं खो-खो, नाहीतर कबड्डी. मलाही तसंच वाटलं. मुलगा शेजारी मान खाली घालून हसत होता. दोघांची आधीपासून ओळख होती, त्याला सगळं ठाऊक होतं.

मला कळलं ते लग्नानंतर. लातूरला गोलाईजवळ आमचं भांड्यांचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. एका दुपारी वाळलेले कपडे घेऊन गच्चीवरून उतरत होते, तर सुनेच्या खोलीतून तिचा आवाज आला. चढा नव्हता, अगदी शांत होता. "जिन्यात हाय. सोडू नको. डोक्यात मार."

सकाळी हिनं माझ्याशेजारी बसून पूजेची बेलपानं निवडली होती. मी दार ढकललं. ती कॉम्प्युटरसमोर बसली होती, कानांवर मोठे हेडफोन. पडद्यावर बंदूक धरलेले दोन हात, आणि त्या हातांपुढून भिंती, खिडक्या, पायऱ्या अशा पळत होत्या की मला दाराची चौकट धरावी लागली. एक माणूस कोपऱ्यातून निघाला आणि तो नीट दिसायच्या आतच पडला. तिनं वळून पाहिलं, हेडफोन काढले आणि उठून उभी राहिली. म्हणाली, "आत्या, हेच ते. मी हेच खेळते."

त्या रात्री जेवताना मी ह्यांना काही बोलले नाही. काय सांगणार, सून बंदुका चालवते म्हणून? मुलालाच विचारलं. त्यानं समजावलं की पाच-पाच जणांचे संघ असतात, स्पर्धा होतात, ही तिच्या संघाची कर्णधार आहे. संघातल्या बाकीच्याही मुलीच. एक लोह्याची, एक औशाची, एक नायगावची, एक नांदेडमध्येच शिकणारी. घराघरांतून एकाच वेळी बसतात आणि फोनवरून एकमेकींशी बोलत खेळतात.

मला ते पटलं नाही, पण राहवलंही नाही. दुपारी दुकानात गर्दी नसली की मी वर जाऊन तिच्या मागं खुर्ची टाकून बसू लागले. आधी डोकं गरगरायचं. मग हळूहळू डोळे सरावले. कोण आपलं, कोण परकं, हे ओळखू यायला लागलं. एक दिवस तीच म्हणाली, बसा की तुम्ही, बघा तरी. मी बसले.

तो पहिला धक्का मला अजून आठवतो. मी माऊस खाली ओढला, आपले पाय कसे दिसतात बघावं म्हणून. पाय नव्हते. नुसती जमीन. मी तिला म्हटलं, अगं, मी कुठाय? ती म्हणाली, तुम्ही म्हणजे फक्त डोळे आन् हात. मी घाबरून माऊस हलवला तर आभाळ खाली आलं, जमीन वर गेली, आणि कुणीतरी मला मागून मारलं. पडदा लाल झाला. मी "अगं आई" म्हणून छातीला हात लावला, आणि हात खाली आणेपर्यंत मी पुन्हा जिवंत होऊन दुसऱ्याच भिंतीपाशी उभी होते. मरणाचं दुःख करायला वेळच नाही. पुन्हा मेले. पुन्हा उभी. उठले तेव्हा मळमळत होतं. लिंबू चोखत गच्चीवर बसून राहिले.

ही गोष्ट तिनं तिच्या मैत्रिणींना सांगितली असावी, कारण संध्याकाळी सगळ्या जणी फोनवर मला बघायला आल्या. नायगावची म्हणाली, काकू, मला तर पहिल्या दिवशी उलटी झाली होती, आईला वाटलं पित्त झालं. औशाची सांगत होती, खेळून उठल्यावर किल्ल्याकडं फिरायला गेली तर प्रत्येक बुरुजावर कुणी दबा धरून बसलंय का असं वर बघत चालली होती. लोह्याची सगळ्यांत गप्प पोरगी. ती एवढंच म्हणाली की त्या खेळात विचार करायला जागा नाही म्हणून तिला तो आवडतो, घरी दिवसभर विचारच असतात. तिचं ते बोलणं माझ्या मनात राहिलं.

मी खेळू लागले. चांगलं नाही, पण भिंतीला थडकून मरण्यापलीकडं गेले. घसरत जाऊन दाराआड लपायचं शिकले. ह्यांना कळलं तेव्हा ते हसले आणि दुकानात चार जणांना सांगून आले.

नांदेडला स्पर्धा ठरली होती. त्याआधी भरवणाऱ्यांनी संघांना आपसात सराव करायला लावला. आमच्या पोरींचा सराव नांदेडच्याच मुलांच्या एका संघाशी होता. खेळ सुरू होण्याआधी थोडा वेळ हात मोकळे करायला देतात, त्यात गुण मोजत नाहीत. तेवढ्यात खालून ह्यांनी सुनेला हाक मारली, कुणीतरी तिच्या माहेरचं आलं होतं. ती मला म्हणाली, "आत्या, दोन मिनिटं बसा. नुसतं हलवत राहा, न्हाईतर बाहेर काढतंय." आणि गेली.

मी हेडफोन घातले. ती फोनवरून मैत्रिणींशी बोलायची, म्हणून खेळातला तिचा माईक कायम बंद असायचा. तो बंद-चालू करायचं बटण कुठलं हे मला माहीत नव्हतं. हात इकडं-तिकडं लागला असेल. मी स्वतःशीच म्हणाले, आता ह्या भिंतीवर कसं चढावं बाई.

माझा आवाज बारीक आहे. फोनवर अजून लोक विचारतात, बाळ, घरात मोठं कुणी आहे का.

एका मुलाचा आवाज आला. "ऐक ना." त्यातला ‘ना’ लांबवलेला, लाडीगोडीचा. मला वाटलं वाट सांगतोय. मी म्हटलं, हां, सांग. मग तो बोलायला लागला.

ते शब्द मी लिहिणार नाही. शिव्या मला नव्या नाहीत, बाजारात आयुष्य गेलंय. आई-बहिणीवरून बोलणारे हमाल रोज दुकानासमोर असतात, ते रागात बोलतात आणि विसरतात. हा रागात नव्हता. तो सावकाश, मजेत, मला काय काय करायला पाहिजे ते एकेक करून सांगत होता, आणि मागं दुसरं कुणीतरी हसत होतं. हेडफोन काढून ठेवावेत हेसुद्धा मला सुचलं नाही. छप्पन्न वर्षांची बाई मी, आणि अंगावरचा पदर सारखा करत बसले, जणू तो मला बघत होता.

सून वर आली, माझं तोंड पाहिलं आणि तिला सगळं कळलं. तिनं पहिल्यांदा वाकून एक बटण दाबलं, मग माझ्या कानांवरून हेडफोन काढले.

"आवाज बाहेर गेला का, आत्या?"

मी मान हलवली. ती खाली बसली, माझे हात हातात घेतले. म्हणाली, मी आधीच सांगायला पाहिजे होतं. बाईचा आवाज ऐकला की हे सुरू होतं. म्हणून आम्ही खेळात बोलतच नाही, नावंसुद्धा मुलांची घेतलीत.

मी विचारलं, रोज?

"आवाज कळला तर रोज," ती म्हणाली. "तुम्ही पाणी प्या." आणि ती पाणी आणायला उठली, जसं काही मला ऊन लागलं होतं.

इतके दिवस मी तिच्या मागं बसून बंदुकांना घाबरत होते. रात्री मुलाला विचारलं, तुला माहीत होतं? तो म्हणाला, माहीत होतं, एकदा तो तिच्या बाजूनं भांडला तर त्यांनी महिनाभर तिला हुडकून हुडकून छळलं. तेव्हापासून तिनंच त्याला मध्ये पडू नको म्हणून सांगितलंय. ह्यांना आम्ही कुणीच काही सांगितलं नाही.

स्पर्धेला मुलाला सुट्टी मिळाली नाही. मी म्हटलं, मी येते. सून, औशाची पोरगी आणि मी अशा तिघींनी लातूर-नांदेड बस धरली, लोह्याला ती गप्प पोरगी चढली, तिच्या आईनं बांधून दिलेल्या धपाट्यांचा डबा घेऊन. तिनं घरी कॉम्प्युटरची परीक्षा आहे असं सांगितलं होतं.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर मोठा पडदा, खाली जेवणाच्या टेबलांवर ओळीनं कॉम्प्युटर. सगळीकडं तरुण मुलं. पोरींचा संघ एकच, आणि माझ्या वयाची बाई मी एकटीच. सून आणि बाकीच्या जणी वायरी जोडायला गेल्या, मी भिंतीशी उभी राहिले. एक उंच, सडपातळ मुलगा आला. नीट कापलेली दाढी, गळ्यात बारीक रुद्राक्ष. त्यानं एक खुर्ची उचलून आणली, रुमालानं पुसली.

"मावशी, ऐका ना, हितं पंख्याखाली बसा. तिकडं लई गरम व्हतंय."

मी बसले नाही. त्याच्या बोलण्यातला ‘ना’ तसाच लांबवलेला. तो पाणी आणायला गेला, बाटली घेऊन आला, झाकण उघडून दिलं. विचारलं, कुणाबरोबर आलाव? मी त्याच्याकडं बघत राहिले. आईनं चांगलं वळण लावलेला मुलगा असावा तसं त्याचं सगळं होतं. माझी चूक होत असेल असं मी स्वतःला तीनदा सांगितलं. मग मागून त्याच्या मित्रानं काहीतरी म्हटलं आणि तो हसला, तर ते हसूही मी ओळखलं.

मी म्हटलं, "बाळा, तुझा आवाज मी ऐकलाय."

"कुठं, मावशी?"

"सरावाच्या दिवशी. भिंतीवर कसं चढावं म्हणत होती ती मीच होते. तू मला ऐक ना म्हणालास, आणि मग बोललास."

त्याच्या हातातलं बाटलीचं झाकण खाली पडलं. चेहरा असा पांढरा झाला की मीच घाबरले. त्यानं इकडं-तिकडं पाहिलं, कुणी ऐकतंय का. मग अगदी हळू म्हणाला, "मावशी, आईची आन, मला म्हाईत नव्हतं तुम्ही हाव. मला वाटलं कुणी पोरगी हाय."

त्याला खरंच वाटत होतं की ह्यानं सुटका होते. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सरावाच्या दिवशी हेडफोनमध्ये ऐकलं त्यापेक्षा ह्या वाक्यानं मी जास्त हादरले.

सून कधी माझ्या मागं येऊन उभी राहिली होती कोण जाणे. ती त्याला म्हणाली, "ती पोरगी मी हाय. मावशीसाठी पुसलेल्या ह्या खुर्चीवर मी बसू का?" आणि मला दंडाला धरून घेऊन गेली.

दुपारनंतर त्यांचा आणि आमचा सामना आला. सुरू होण्याआधी सुनेनं मैत्रिणींना काहीतरी सांगितलं, मला ऐकू आलं नाही. त्यांनी फोन बंद करून पर्समध्ये टाकले आणि माईक चालू केले. पडद्यावरचा खेळ आणि सगळ्यांचे आवाज त्या कार्यालयात मोठ्या भोंग्यांवर येत होते. सुनेचा आवाज घुमला. "लोहा, डावीकडून. नायगाव, थांब. औसा, मार." पोरी गावांच्या नावानं एकमेकींना हाका मारत होत्या. लोह्याच्या त्या गप्प पोरीनं एकटीनं तिघांना पाडलं तेव्हा मागच्या रांगेतली मुलं खुर्च्यांवर उभी राहिली. समोरून पहिल्यांदा एक-दोघं काहीतरी बोलू लागले, मग गप्प झाले, कारण आपला आवाज सगळ्या कार्यालयाला ऐकू येतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. तो मुलगा सबंध सामन्यात एक अक्षर बोलला नाही. खेळला मात्र चांगला. शेवटच्या फेरीत त्यानंच सुनेला मारलं आणि ते जिंकले.

वायरी गुंडाळताना तो माझ्याकडं आला. खाली वाकला. मी पाय मागं घेतले. म्हटलं, माझ्या पाया पडून काय होणार, तिच्याशी बोल. सून चार पावलांवर होती, कीबोर्ड पिशवीत घालत होती. तो उभा राहिला. एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. माझ्यासमोर झुकायला त्याला काही वाटलं नव्हतं. तिच्याकडं जायला मात्र त्याचे पाय उचलेनात. मित्रांनी फोटोसाठी हाक मारली आणि तो गेला.

परतीच्या बसमध्ये पोरी हरल्याचं फार बोलल्या नाहीत. कुठल्या वळणावर काय चुकलं तेवढंच. लोह्याची उतरताना म्हणाली, काकू, घरी आता खरं सांगते. सांगितलं तिनं. पंधरा दिवस तिचं खेळणं बंद होतं, मग तिची आईच बघायला बसू लागली.

आता मी आठवड्यातून दोन-तीनदा खेळते आणि माईक मुद्दाम चालू ठेवते. सुनेला आधी ते आवडलं नाही. कुणी सुरू झालं की मी विचारते, कोण रे बाळा तू, कुठल्या गावचा? बहुतेक आवाज तिथंच बंद होतात. कधी कधी आणखी वाईट बोलतात, तेव्हा सून हात पुढं करून बटण दाबते.

परवा असाच एक जण बोलत होता. पोरगा नव्हता, चांगला बाप्या माणूस, भरदार आवाज. मी माझा प्रश्न विचारला. तो थांबला नाही. बोलता बोलता त्याच्या मागं भांडी वाजली, लहान मूल रडलं आणि एका बाईनं ताट वाढल्याची हाक मारली. त्यानं माईकपासून तोंड वळवलं असावं. किती मऊ आवाजात तो म्हणाला, "आलो गं, एकच मिनिट." मग तोंड परत इकडं वळलं, आणि जिथं सोडलं होतं तिथून त्यानं पुढं सुरू केलं.