काकांचं खरं वय

आमच्या शेजारच्या काकांइतकं खरं बोलणारा माणूस अख्ख्या गिरावीन उपनगरात नाही, आणि त्यामुळे त्यांच्याइतका त्रासदायक शेजारीही नाही. मी हौसेने पुरणपोळ्या नेऊन दिल्या, तर दुसऱ्या दिवशी डबा परत करताना म्हणाले, "पुरण जरा कच्चं होतं. पण मी तीन खाल्ल्या." नातवाशी कॅरम खेळताना मुद्दाम हरणं त्यांना जमत नाही, पोरगं रडून लाल होतं आणि काका शांतपणे सोंगट्या लावतात. लॉकडाऊनमध्ये रोज तासभरच फिरायची मुभा होती. काका घड्याळ लावून निघत. एकदा कुणी ओळखीचं भेटलं आणि उशीर झाला, तर त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या फिरण्यातून सात मिनिटं कापून घेतली.

अशा माणसाच्या आयुष्यात एकच खोटं होतं, आणि तेही त्यांचं स्वतःचं नव्हतं. शाळेत नाव घालताना वडिलांनी त्यांचं वय दोन वर्षांनी कमी लावलं. पुढचे सगळे कागद त्याच तारखेने झाले: नोकरी, पासपोर्ट, आणि इथे परदेशात मुलीकडे कायमचं राहायला आल्यावर मिळालेलं सरकारी आरोग्यसेवेचं मेडिकेअर कार्ड. सरकारी नोकरीत त्यामुळे दोन वर्षं जास्त मिळाली, ती त्यांच्या मनाला लागून राहिली होती. ती खुर्ची दुसऱ्या कुणाची तरी होती, असं ते जेवताना मध्येच म्हणत आणि मग ताक मागत.

त्या हिवाळ्यात आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं सरकारी पाकीट आलं. पन्नास ते चौऱ्याहत्तर वयाच्या लोकांना ते दर दोन वर्षांनी घरपोच येतं. शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि पोस्टाने पाठवायचे, सगळं फुकट. मागच्या खेपेला काकांनी निमूटपणे केलं होतं, कारण तेव्हा ते खरोखर चौऱ्याहत्तरचे होते. आता कार्डावर चौऱ्याहत्तर, प्रत्यक्षात शहात्तर. त्यांनी चष्मा पुसून पत्र दोनदा वाचलं आणि पाकीट बाजूला ठेवलं. मी यात बसत नाही, एका सरकारचं खोट्या वयावर खाल्लं, दुसऱ्याचं खाणार नाही, असं त्यांचं म्हणणं. काकांचे थोरले भाऊ याच दुखण्याने गेले होते, फार उशिरा कळून. मुलगी चिडली, रडली, पण पाकीट तीन आठवडे टेबलावरून हललं नाही.

शेवटी मीच कुंपणावरून सुचवलं, की हेल्पलाइनला फोन करून खरं काय ते सांगून टाका. काकांना हे पटलं. फोन स्पीकरवर ठेवून ते सावकाश म्हणाले, "मॅडम, माय अ‍ॅक्च्युअल एज इज सेव्हंटी सिक्स. कार्ड इज राँग." मग शाळा, वडील, नोकरी, सगळी हकिकत झाली. पलीकडच्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि ती इथल्या सलगीच्या ढंगात म्हणाली, "नो वरीज, डार्ल. यू गॉट द किट, यू डू द टेस्ट."

झालं. आता लपवाछपवी उरली नव्हती. नमुने पाठवेपर्यंत थंड ठेवायचे असतात, म्हणून काकांनी मुलीच्या फ्रिजमध्ये डबा ठेवला आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'यात श्रीखंड नाही.'

नमुन्यात रक्त निघालं. पुढच्या तपासणीत गाठ सापडली, वेळेत सापडली, आणि ऑपरेशन ठरलं. लॉकडाऊनमुळे हॉस्पिटलमध्ये घरच्यांना आत सोडत नव्हते. तिथे प्रत्येक जण हातावरचा पट्टा बघून नाव आणि जन्मतारीख विचारतो. काका प्रत्येकाला आधी खरी तारीख सांगायचे, मग कागदावरची, मग शाळेची हकिकत. आणि त्या बिचाऱ्या पोरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायच्या.

ऑपरेशनच्या सकाळी मुलीने अंगणात उभं राहून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. मी कुंपणाच्या अलीकडे होते. काकांचा चेहरा एवढासा झाला होता. "भाऊंना कुणी वेळेत तपासणीचं विचारलंच नाही गं," एवढंच ते म्हणाले. तेवढ्यात नर्स आली आणि तिने जन्मतारीख विचारली. या वेळी काकांनी कागदावरची तारीख सांगितली, फक्त तीच.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मला एकदम रडू आलं. या माणसाला अजून जगायचं होतं, आणि त्यासाठी तो खोटं बोलला होता.