भवानीचं गिऱ्हाईक

आळेफाट्यावर माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. सुरुवात राजुरीत एका जुन्या सायकलीवर झाली हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कुणीतरी हमखास विचारतं, "भाऊ, एवढं कसं उभं केलं?" मी तोंड उघडेपर्यंत शेजारचा उत्तर देऊन मोकळा होतो, "जुन्नरच्या शेठनं घडवलं यांना. चांगला विचार करायचा, श्रद्धा ठेवायची आन् कामाला लागायचं, ही त्यांचीच शिकवण." इथे माझं डोकं फिरतं. शेठनं मला घडवलं नाही, फसवलं. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास मी आठवडे बाजार करायचो. बेल्हे, ओतूर, मंचर, घोडेगाव, जिथे बाजार तिथे ताडपत्री अंथरायची आणि ताटं, तांबे, डबे मांडायचे. माल जुन्नरच्या पेठेतून, शेठच्या दुकानातून आणायचा. पेठेत भांडं किलोवर मिळतं, बाजारात नगावर विकलं जातं, मधला फरक आपला. म्हणजे किलोचा भाव जितका पाडाल तितकं तुमचं. माझ्याकडे भांडवल नव्हतं, ओळख नव्हती, आणि गोड बोलणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. पण शेठची दुखरी नस मला सापडली होती.

शेठचे आजोबा राजस्थानातून आलेले. शेठ स्वतः आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायचे. सकाळी पायरीवर पाणी शिंपडायचे, उदबत्ती ओवाळायचे, तराजूला हात लावून तो कपाळाला लावायचे आणि मग मोकळ्या दुकानाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणायचे, "या, या! अरे वा, काय ही गर्दी! जरा दमानं घ्या, सगळ्यांना मिळेल." दुकानात मी आणि एक मांजर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून बघितलं.

"शेठ, कुनाशी बोलताय?"

"गिऱ्हाइकांशी. आधी मनात यावी लागतात, मग दारात येतात."

त्याहून मोठी श्रद्धा भवानीवर. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. पहिलं गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं की अख्खा दिवस वाया, अशी त्यांची पक्की समजूत. हे कळल्यापासून मी राजुरीहून पहिली एसटी धरून, शटर अर्धं वर असतानाच पायरीवर हजर राहू लागलो.

"काय भाव, शेठ?"

"एकशे अठरा."

"एकशे दहा. न्हाई तर चाललो."

"अहो पाहुणे, माझी खरेदीसुद्धा..."

मी पाठ फिरवायचो. तीन पावलं टाकायचो. चौथं कधी टाकावं लागलं नाही.

"थांबा, थांबा! भवानीच्या वेळी असं तोंड फिरवू नका. न्या एकशे दहानं."

एकदा ते एकशे बारावर अडून बसले. मी संतापून हातातलं झाकण रस्त्यावर भिरकावलं, ते गडगडत समोरच्या केळीवाल्याच्या गाड्याखाली गेलं. शेठ स्वतः गेले, झाकण आणलं, धोतरानं पुसलं आणि म्हणाले, "पोचा आलाय. हे पण तुमच्याच वजनात धरतो." पण भाव एकशे दहाच लावला.

परतीच्या एसटीत पोतं टपावर आणि मी खिडकीशी स्वतःशीच हसत. जुन्नरच्या शेठला लोळवून आलेला माणूस मी! त्या दिवशी बाजारात माझा आवाजच वेगळा लागायचा. बायका घासाघीस करायच्या, मी जागचा हलायचो नाही. "मावशी, हे ताट तुमच्या नातीच्या लग्नात वाढायला काढाल. न्या." दुपारपर्यंत ताडपत्री रिकामी. अशी नऊ वर्षं गेली.

मग आळेफाट्यावर पाच गाळ्यांची नवी ओळ उभी राहिली. चार गाळे लगेच गेले, रस्त्याच्या कडेचा एक उरला. नऊ वर्षं जमिनीवर बसून माझे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि फाट्यावर माझ्या आवाक्यातली दुसरी जागा नव्हती. बायकोनं सांगून टाकलं, "हा गाळा गेला तर पुढच्या बाजाराला ताडपत्री उचलायला मी येनार न्हाई." गाळ्यांचे मालक आळ्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक. बौद्ध कुटुंबातले, वाडवडिलांपासून हलाखी, घराण्यातले पहिले मॅट्रिक तेच. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. अनामत साठ हजार सांगत होते. मी सकाळी सहालाच त्यांच्या ओट्यावर गेलो. गुरुजी पेपर वाचत होते.

"गुरुजी, तुमची भवानी करायला आलोय. पन्नास धरा."

"साठ."

"आवो, दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक हाय मी. रिकामं गेलं तर दिवस खराब जातो."

"कोणी सांगितलं?"

"समदं जग मानतं!"

"मी मानत नाही. पस्तीस वर्षं वर्गात एकच विचारत आलो, पुरावा काय? साठ."

मी पाठ फिरवली. तीन पावलं झाली. चौथंही झालं. आयुष्यात पहिल्यांदा पाचवं टाकलं. फाटकाची कडी मी इतक्या सावकाश लावली की तेवढ्यात माणसाला पाझर फुटावा. रस्त्यावर येऊन चपलेचा अंगठा नीट केला, जो मुळात नीटच होता. मागे बघितलं तर गुरुजींनी पेपरचं पान उलटलं होतं. मी टपरीवर चहा घेतला आणि परत गेलो.

"आलात? बसा," गुरुजी म्हणाले.

"पंचावन्न."

"साठ."

आता माझा तोल सुटला. "असल्या मालकाच्या गाळ्यात म्हशीबी उभ्या राहायच्या न्हाईत!"

गुरुजींनी पेपरची घडी घातली. "मग प्रश्न मिटला. म्हशींनाही द्यायचा नाही आणि तुम्हालाही नाही."

घरी आल्यावर बायकोनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाळा घ्यायला गेला व्हता का भांडान घ्यायला?" संध्याकाळी ती स्वतः गुरुजींच्या मंडळींना भेटून निरोप घेऊन आली. बाकीच्या चार गाळेवाल्यांना भांडखोर शेजारी द्यायची गुरुजींची इच्छा नाही. ज्याच्याशी माझा जुना व्यवहार आहे असा एखादा व्यापारी येऊन माझी खात्री देत असेल तर विचार करू. मुदत आठ दिवस. पुढे एक औषधांचा दुकानदार तयारच आहे.

नऊ वर्षांत माझा व्यवहार एकाशीच होता, आणि मी त्यालाच रोज लुटत होतो.

मागायला सकाळी जाणं मला बरं वाटेना. भवानीच्या वेळी रिकाम्या हातानं जायचं, त्यांचा दिवस नासवायचा आणि वर उपकार मागायचा, एवढा निगरगट्ट मीही नव्हतो. म्हणून नऊ वर्षांत पहिल्यांदा मी शेठकडे भर दुपारी गेलो. दुकानात खरोखरच गर्दी होती. पुढे एक मावशी मुलीच्या लग्नाची भांडी घेत होत्या.

"शेठ, बराबर लावा बरं का."

"तुम्हाला एकशे आठ."

एवढंच. ना आवाज, ना पाठ फिरवणं. पुढच्या गिऱ्हाइकालाही एकशे आठ. त्याच्या पुढच्यालाही. माझे कान तापले. समोर झाकणांची चळत होती, त्यातलं एक माझ्या हातात आलंसुद्धा. मग गाळा आठवला. झाकण हळूच जागेवर ठेवलं.

"शेठ," मी दात आवळून म्हणालो, "एक काम व्हतं तुमच्याकडं."

दुसऱ्या दिवशी शेठनं दुपारीच दुकान बंद केलं आणि माझ्याबरोबर आळ्याला आले. गुरुजींच्या ओट्यावर बसून म्हणाले, "नऊ वर्षं ओळखतो. उधारी मागितली नाही, वेळ चुकवली नाही. यांच्या हातची भवानी झाली की माझा दिवस चांगला जातो."

"पुरावा?" गुरुजी.

"पुरावा नाही. पण हे आले नाहीत तर करमत नाही."

"आणि राग?"

"राग आहे. भांडी फेकतात. पण फेकलेली विकत घेतात."

गुरुजी हसले. हसताना मी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. "ठीक आहे. साठ." मी तोंड उघडलं. शेठनं माझ्या पायावर पाय ठेवला. साठ ठरले.

शेठना एसटीत बसवायला फाट्यावर आलो आणि तिथे मात्र माझा बांध फुटला. "शेठ, मावशीला एकशे आठ आन् मला एकशे दहा? नऊ वर्षं?"

"तुम्हाला मी एकशे अठरा सांगायचो. एकशे दहा तुम्ही करायचात," शेठ शांतपणे म्हणाले. "मावशी भाव विचारतात, त्यांना भाव सांगतो. तुम्ही भांडायला येता. तुम्हाला भांडायला जागा नको का ठेवायला?"

"पन दोन रुपये!"

"सरळ एकशे आठनं दिलं असतं तर दिवसभर मनात म्हणाला असतात, शेठनं लुटलं. असं तोंड पाडून बसलेल्याकडून कोण भांडी घेतं? तुम्ही जिंकून जायचात, म्हणून तुमचा माल दुपारीच संपायचा. मी रोज सकाळी मनात बघायचो, पाहुण्यांची ताडपत्री रिकामी झालीय."

मी आवाज चढवला. सगळा फाटा बघायला लागला. शेवटी कंडक्टर म्हणाला, "काका, भांडान आत घिऊन या, नाय तर उद्या करा. गाडी सुटती."

दुकान चाललं. सहा वर्षांत शेजारचाही गाळा घेतला, तोही गुरुजी म्हणतील त्याच भावानं. लोक श्रद्धेचं विचारतात तेव्हा एक मान्य करावं लागतं. शेठला मी लुटतोय यावर माझा नऊ वर्षं पूर्ण विश्वास होता, आणि त्या तोऱ्यावरच मी बाजारात उभा राहिलो. तो विश्वास खोटा निघाला, पण माल खरोखर खपला होता. एवढ्यावरून शेठ बरोबर ठरतात असं माझं म्हणणं नाही.

गाळा घेतल्यावर पहिल्यांदा माल भरायला गेलो ते सवयीनं सकाळीच. "शेठ, आता एकशे आठ. मला समदं कळलंय."

"एकशे आठ दुपारचा भाव. दुपारी या."

दुपारी! लग्नाच्या बस्त्याला आलेल्या बायका भांड्यांच्या दुकानात चढतात ते दुपारीच. तेव्हा गाळा सोडून जुन्नरला कोण जाणार? बायकोला बसवून बघितलं, तर तिनं त्या दिवशी गिऱ्हाइकांना एकच भाव सांगून, एका शब्दानं न भांडता, माझ्या दुप्पट माल विकला. म्हणून तेही बंद केलं. गाळा घेतल्यापासून सकाळचाच भाव भरतोय.