मावशींची राखण

मावशी बोलताना तुमच्याकडे बघायच्याच नाहीत. तुमच्या खांद्यावरून मागे, समुद्राकडे बघायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, बाईंना आमचा कंटाळा आलाय. तोंड पाहून दार लावून घेणाऱ्यांची आम्हाला सवय होतीच. पण त्या म्हणाल्या, "तू बोल रे. ऐकायला कान आहेत. डोळ्यांना दुसरं काम आहे."

हे हवाईच्या मोठ्या बेटावरचं, दोन हजार चार सालचं. मी नगरकडच्या ख्रिस्ती घरातला, बाराव्या वर्षी आईवडिलांबरोबर जर्सी सिटीत आलेला. एकविसाव्या वर्षी चर्चनं मला धर्मप्रचाराला पाठवलं, तेही कुठे, तर लोक हनिमूनला जातात तिथे. मित्र म्हणाले, यार, नशीब काढलंस. नशीब कसलं! सहाला उठायचं, पांढरा शर्ट, काळा टाय, छातीवर नावाची पट्टी, आणि सायकल. बेटाच्या आमच्या बाजूला पाऊस इतका की बूट कधी धड वाळलेच नाहीत. दिवसभर दारं ठोठावायची. उघडलंच एखादं, तर आधी कुत्रा बाहेर यायचा. समुद्र समोर, पण पाण्यात पाय घालायला बंदी. आणि फिरायचं दोघादोघांनी, जोडीदार प्रचारकाला सोडून कुठेही जायला बंदी.

जोडीदार आयडाहोच्या बटाट्याच्या शेतावरून आलेला, सव्वासहा फूट उंच, समुद्र जन्मात पहिल्यांदा बघणारा. मावशींनी त्याला 'थोरला पाद्री' करून टाकलं आणि मला 'धाकटा'. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या. काका, म्हणजे त्यांचे यजमान, बेटावरच्या साखर कारखान्यात इंजिनियर होते. कारखाना बंद पडला, मग काका गेले, मुलगा नोकरीसाठी पार अमेरिकेच्या पूर्वेला, हर्नडनला राहायला गेला. मावशी मात्र हलल्या नाहीत. पहिल्या दिवशी दार उघडून त्यांनी माझ्या छातीवरचं आडनाव वाचलं आणि सरळ मराठीत विचारलं, नगरचे का? मी रडायचाच काय तो बाकी होतो.

आमच्या पद्धतीप्रमाणे आम्ही विचारलं, घरात काही काम आहे का? लोक गवत कापायला सांगायचे, गॅरेज आवरायला सांगायचे. मावशींनी सांगितलं, खडकावर बसून समुद्राकडे बघा.

तिथल्या काळ्या खडकांना रुपयाएवढी शिंपली घट्ट चिकटलेली असतात. लाट मागे सरली की खाली उतरायचं, लोखंडी पट्टीनं ती उचकटायची आणि पुढची लाट यायच्या आत वर चढायचं. मावशींना ती म्हणजे आपल्या गावची कालवंच. पण शिंपलं काढताना मान खाली आणि पाठ समुद्राकडे, म्हणून वर एक माणूस लागतो, मोठी लाट दिसली की ओरडायला. काका होते तोवर ते बसायचे. आता आम्ही. उतरण्याआधी मावशी पाव तास नुसत्या उभ्या राहून बघायच्या. म्हणायच्या, "गप्प आहे म्हणजे विसरलाय, असं समजू नकोस." त्या किनाऱ्यावरून वाहून गेलेल्यांची नावं त्यांना पाठ होती. भाजी निवडता निवडता सांगायच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांची खबर द्यावी तशी. मला ते मुळीच आवडायचं नाही.

आता आमची खोड सांगतो. आम्ही उठसूट प्रार्थना करायचो. जेवणाआधी, सायकलवर बसण्याआधी, दार ठोठावण्याआधी. मान खाली, डोळे बंद. खडकावर पहिल्यांदा केली तेव्हा मावशी निथळत वर आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तुमचा देव उघड्या डोळ्यांचं ऐकत नाही का रे, मेल्यांनो? एकानं मिटले तर दुसऱ्यानं उघडे ठेवायचे. दोघांनी मिळून आंधळं व्हायचं नाही."

थोरल्याला मी ते इंग्रजीत समजावलं. तो बिचारा लालबुंद झाला. तेव्हापासून खडकावर तो प्रार्थना करायचा आणि मी बघायचो. 'लाट' हा एकच मराठी शब्द तो शिकला आणि असा काही ओरडायचा की मावशी वर येऊन आधी हसून घ्यायच्या. मग घरी कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. थोरला सात खायचा.

सात महिन्यांनी त्याची बदली दुसऱ्या बेटावर झाली. निघायच्या आदल्या दिवशी मावशींना त्याला जेवू घालायचं होतं. ऊन छान पडलं होतं, पाणी एकदम शांत. मावशींनी पाव तास बघितलं, मग आणखी पाच मिनिटं. "आज जरा जास्तच शहाण्यासारखा वागतोय," म्हणाल्या आणि उतरल्या.

थोरला माझ्याकडे वळला. म्हणाला, चल, तिच्यासाठी प्रार्थना करू, या पाण्यापासून देव तिला सांभाळो. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यानं सुरुवात केली आणि मध्येच रडायला लागला. डोळे उघडे ठेवायची पाळी माझी होती. पण माणूस शेजारी रडत देवाशी बोलतोय आणि आपण इकडेतिकडे बघतोय, हे मला कसंसंच वाटलं. लहानपणी प्रार्थनेत डोळे उघडले की आजोबा चिमटा काढायचे. मान आपोआप खाली गेली. मी डोळे मिटले.

आमेन म्हणून उघडले तेव्हा खडकावरून पांढरं पाणी खाली ओघळत होतं. मावशी नव्हत्या. त्यांची पिशवी फेसात गरगरत होती. थोरला उभा राहून "लाट! लाट!" ओरडायला लागला, आवाज बसेपर्यंत ओरडत राहिला. मी बंदी मोडून पाण्यात धावलो. त्यानं कॉलर धरून मागे ओढलं.

दोन दिवस हेलिकॉप्टर फिरलं. मावशी सापडल्या नाहीत. हर्नडनहून दादा आला, त्यांचा मुलगा. मावशींच्या स्वयंपाकघरात त्यानं मला विचारलं, "तू बघत होतास ना रे? शेवटी तिच्याकडे कुणीतरी बघत होतं ना?"

मी हो म्हणालो. लाट फार मोठी होती दादा, आम्ही ओरडलो, असंही म्हणालो. त्यानं मला मिठी मारली. लोकांना सत्य सांगायला पाठवलेला मी, छातीवर नावाची पट्टी तशीच होती.

त्यानंतर मी महिनाभरही टिकलो नाही. जर्सी सिटीला परतलो, कॉम्प्युटर शिकलो, नोकरी धरली. चर्चमध्ये जातो, पण प्रार्थनेला डोळे मिटत नाही. आईला वाटतं, माझा विश्वास उडाला. वाटू दे.

दादा दर नाताळला आठवणीनं फोन करायचा. जेवलास का, नोकरी कशी आहे, अगदी मोठ्या भावासारखं. ते मला ऐकवेना. तिसऱ्या नाताळला मी त्याला सगळं सांगून टाकलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "दोघांचेही डोळे?"

"दोघांचेही," मी म्हणालो.

त्यानं फोन ठेवला. पुढच्या नाताळला मी सकाळपासून फोनकडे बघत बसलो होतो. तो वाजला नाही.